सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा

माझ्या खोकल्याचं खापर मी दोन वर्षं ग्रंथालयातल्या धुळीवर फोडत होते. माझं काम तिथलंच. जुन्या बांधीव खंडांचं दालन, वर्षानुवर्षं न हललेली कपाटं, पुस्तक काढलं की बोटांना लागणारी करडी पूड. अशा जागी कुणाचाही घसा खवखवणारच, असं सगळे म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. ढास लागली की कुणीतरी पाण्याचा पेला पुढे करायचं, मी दोन घोट घ्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

रात्रीचं मात्र असं भागत नव्हतं. पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला खोकल्यानेच जाग यायची. उठून पलंगाच्या कडेला बसायचं, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवायचे, खांदे उचलायचे आणि श्वास सोडायचा प्रयत्न करायचा. हो, सोडायचा. ज्याला दमा नाही त्याला वाटतं की दम्यात श्वास आत जात नाही. माझा अनुभव उलटा आहे. आत घेतलेली हवा बाहेर पडत नाही, आणि जुनी बाहेर पडली नाही की नवीला जागा होत नाही. ती सोडताना छातीत बारीक सूं-सूं वाजायचं. कधीतरी सर्दीच्या वेळी लिहून दिलेला निळा पंप उशाशीच असायचा. त्याचे दोन पफ घेतले की पाच-दहा मिनिटांत छाती सुटायची. तोवर नवरा पाठीवरून हात फिरवत बसलेला असायचा. "उद्या दाखवून येऊ," तो म्हणायचा. "अरे, काल खालची कपाटं आवरली ना, त्याचं आहे हे," मी म्हणायचे, आणि मला ते अगदी खरं वाटायचं.

शेवटी कामाची जागाच बदलून मागितली. दालनातून पुढच्या खोलीत, नोंदींच्या कामावर आले. आत जावं लागायचं ते आठवड्यातून एक-दोनदा. दिवसाचा घसा जरा निवला. पहाटेची जाग मात्र जशीच्या तशी राहिली. दोन महिने वाट पाहिली आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

त्या मॅडमनी जे विचारलं ते आधी कुणी विचारलं नव्हतं. आठवड्यातून किती रात्री उठता? जोरात हसलं की खोकला येतो का? जिना चढताना दम लागतो, की चढून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी? नाक कसं असतं? लहानपणी इसब होतं का? आणि शेवटी, "हा निळा पंप किती दिवस पुरतो तुम्हाला?"

"दोनेक महिने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. दोनशे पफांचा पंप दोन महिन्यांत संपतो, म्हणजे दिवसाला तीनाहून जास्त पफ. "वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढतो," त्या म्हणाल्या. "आणि महिन्याला एक लागायला लागला, तर जिवाचा धोका वाढतो. हा पंप श्वासनळीचे स्नायू चार-सहा तास सैल ठेवतो. आतली सूज त्याने कमी होत नाही."

मग स्पायरोमेट्री झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीचा मोठ्या आवाजातला धोशा: "छाती भरून घ्या, आता सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!" तीन वेळा. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते त्याचा आकडा आला १.८६ लिटर. मग पंपाचे चार पफ देऊन मला पंधरा मिनिटं बसवलं आणि तेच सगळं पुन्हा करून घेतलं. या वेळी २.२१. फरक ३५० मिलिलिटरचा, म्हणजे जवळपास १९ टक्के. औषधानंतर १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही ओलांडले तर नळ्या आखडलेल्या होत्या आणि औषधाने सुटल्या असा अर्थ होतो. कागदावरचे ते दोन आकडे मी बराच वेळ पाहत राहिले. दोन वर्षं मी ज्याला धूळ म्हणत होते, ते मोजता येत होतं.

मॅडमनी कागदाच्या कोपऱ्यात एक गोल काढला, श्वासनळीचा आडवा काप. बाहेर स्नायूंचं कडं, आत अस्तर, मध्ये हवेची वाट. "तुमचं हे अस्तर सुजलेलं आहे. तुम्हाला बरं वाटतं तेव्हाही सुजलेलंच असतं," असं म्हणत त्यांनी आतली रेघ गिरवत गिरवत जाड केली, तशी मधली वाट बारीक झाली. "सुजलेली नळी चिडकी असते. मग धूळ, परागकण, सर्दी, धूर, गार हवा, जोराचं हसणं, काहीही निमित्त पुरतं. तुम्ही इतके दिवस निमित्त शोधत होतात. दमा या रेघेत आहे."

निमित्त हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. डॉक्टर मंडळी ट्रिगर म्हणतात, मला निमित्त जास्त जवळचा वाटतो, कारण निमित्त आणि कारण यांत फरक असतो हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या: सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप, तो रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी म्हणजे स्पेसर, आणि पीक फ्लो मीटर. तिन्ही घरी आणल्या. पंपाचं खोकं मात्र उघडलं नाही. स्टिरॉइड या शब्दानेच पोटात गोळा आला होता. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "एकदा पंपाची सवय लागली की सुटत नाही गं. जरा थांब, आधी बाकीचं करून बघ." ताईचं म्हणणं मायेपोटीच होतं. मला तर थांबायला तेवढंच हवं होतं. पंधरा दिवस नुसतं मीटर फुंकायचं, वही लिहायची आणि मग ठरवायचं, असं मी मनाशी ठरवलं. आज हे वाचणाऱ्या कुणाच्या हातात असं न उघडलेलं खोकं असेल तर मी कळकळीने सांगते, थांबू नका. मी थांबले त्या पंधरवड्यात अकरा रात्री उठून बसले.

पीक फ्लो मीटर म्हणजे वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी. वर आकड्यांची पट्टी, त्यात सरकणारा लाल काटा. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छाती भरून घ्यायची, ओठ घट्ट मिटायचे आणि एकच जोराची फुंकर मारायची, मेणबत्ती लांबून विझवावी तशी. तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा. हवा मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडली, ते तो काटा दाखवतो. मी वहीत चार रकाने आखले: सकाळ, संध्याकाळ, रात्रीची जाग, आणि दिवसभरात काय केलं. शेवटच्या रकान्यात "दालन" हा शब्द जिथे जिथे येईल तिथे आकडा पडलेला दिसेल, याची मला खात्री होती.

सकाळी २९०, संध्याकाळी ३६०. सकाळी २८०, संध्याकाळी ३५०. रोज तेच. फरक भागिले सरासरी, असं गणित असतं: ३६० वजा २९० म्हणजे ७०, सरासरी ३२५, म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त. मोठ्या माणसांत दोन आठवड्यांची सरासरी काढल्यावर हा फरक १० टक्क्यांच्या वर असेल तर तो दम्याकडे बोट दाखवतो. आणि "दालन" लिहिलेल्या दिवशी? ३५५, ३६०. इतर संध्याकाळींसारखंच. सगळ्यांत वाईट आकडे दोन होते, दोन्ही सोमवारी सकाळचे: २४५ आणि २५०. रविवारच्या रकान्यात दोन्ही वेळा लिहिलं होतं, "झोपायची खोली झाडली, गाद्या झटकल्या."

ज्या वहीने ग्रंथालयाचा गुन्हा शाबीत व्हायचा होता, तिने बोट दाखवलं माझ्या उशीकडे.

वही घेऊन परत गेले तेव्हा खोकं उघडलं नसल्याचंही सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. पहाट का वाईट, ते त्यांनी समजावून सांगितलं. सूज आवरणारं कॉर्टिसोल शरीर स्वतः तयार करतं, ते मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यांत कमी असतं, आणि पहाटे चारच्या आसपास श्वासनळ्या सगळ्यांच्याच किंचित अरुंद होतात. निरोगी माणसाला ते कळतही नाही. शिवाय ॲलर्जीचा हल्ला दोन लाटांत येतो. पहिली लाट काही मिनिटांत, शिंका आणि घरघर घेऊन. दुसरी चार ते आठ तासांनी, सूज घेऊन. संध्याकाळच्या निमित्ताचा हिशेब पहाटे चुकता होतो, तो असा. म्हणूनच आठवणीवर विसंबून निमित्त सापडत नाही. दम लागतो त्या क्षणी आपण आजूबाजूला पाहतो, आणि ज्याने घात केला ते केव्हाच मागे पडलेलं असतं.

स्टिरॉइडबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "गोळ्या मिलिग्रॅममध्ये असतात, पंप मायक्रोग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. औषध सुजेवरच पडावं म्हणून तर ते श्वासातून द्यायचं." त्या रात्री खोकं उघडलं.

आणि तिथे पुढची चूक सापडली. निळा पंप मी दोन वर्षं चुकीचा घेत होते. दवाखान्यातल्या सिस्टरनी मला त्यांच्यासमोर घेऊन दाखवायला सांगितलं. मी न हलवता दाबला, दाबल्यावर क्षणभराने श्वास ओढला, तोही झटक्यात, आणि लागलीच दुसरा दाबला. "घशात कडू लागतं?" त्यांनी विचारलं. लागायचं. "मग औषध घशात राहिलं." त्यांनी पंप माझ्या हातून पुन्हा पुन्हा करून घेतला. आधी नीट हलवायचा. स्पेसरला लावायचा. श्वास पूर्ण सोडायचा, पण स्पेसरमध्ये नाही. ओठ मिटून एकच पफ दाबायचा, आणि मग सावकाश, चार-पाच सेकंद लावून, आत ओढायचा. दहापर्यंत आकडे मोजत रोखून धरायचा. दुसरा पफ घ्यायचा तर पंप पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. पावडरचं उपकरण असेल तर श्वासाची रीत बरोबर उलटी, तिथे जोरात आणि खोल ओढायचं, म्हणून एकाचं पाहून दुसऱ्याने शिकू नये. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि तसाच निथळत वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आत जाण्याऐवजी भिंतीला चिकटतं. औषध बदलण्याआधी आपण ते घेतो कसं, हे कुणाला तरी एकदा दाखवावं. या एका गोष्टीवर मला कितीही बोलता येईल.

दहाव्या दिवशी मी सकाळी गजराने उठले. खोकल्याने नाही. किती दिवसांनी, ते मोजता आलं नाही.

ॲलर्जीची त्वचा चाचणी त्यानंतर महिन्याभराने झाली. आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात, नाहीतर त्वचा उत्तरच देत नाही. कोपराखालच्या भागावर पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एक थेंब ठेवला आणि थेंबातून त्वचेला बारीक टोक टोचलं, रक्त येणार नाही इतपत. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीर जे सोडतं आणि ज्याने खाज सुटते त्या रसायनाचा. पहिल्याने काही होऊ नये, दुसऱ्याने व्हायलाच हवं, म्हणजे चाचणीवर भरवसा ठेवता येतो. पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. मी हात मांडीवर ठेवून पाहत बसले. हिस्टामिनच्या खुणेशी डास चावल्यासारखी गांधी उठली. मग धुळीतल्या किड्यांच्या खुणेशी तिच्याहून मोठी, कडा दातेरी, भोवती लाल. मग गवताच्या परागांशी. बुरशीच्या खुणेशी मात्र त्वचा जवळजवळ साफ होती. जुन्या पुस्तकांची बुरशी, जिच्यापायी मी काम बदललं होतं, तिच्यापुढे माझा हात शांत होता. पट्टीने मोजलं: किडे ७ मिलिमीटर, गवत ६, हिस्टामिन ५. मिठाच्या पाण्याच्या खुणेपेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी असेल तर ती धरतात. पण गांधी उठली म्हणजे तेच निमित्त, असंही नाही. त्वचेचं म्हणणं वहीशी जुळावं लागतं. माझं जुळलं.

मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरांबद्दल मला तेव्हा कळलं. त्यांना स्वतःला दर वर्षी ठरावीक दिवसांत शिंका आणि दम्याचा त्रास व्हायचा. लोक तेव्हा उन्हाला, उकाड्याला, सुकलेल्या गवताच्या वासाला दोष द्यायचे. ब्लॅकलींनी स्वतःच्या हातावर ओरखडा काढून त्यावर गवताचे पराग चोळले आणि उठलेली गांधी पाहिली. काचपट्ट्यांना चिकट द्रव लावून हवेतले पराग मोजले, वरच्या हवेतले मोजायला पतंगाला काचपट्ट्या बांधून उडवल्या. १८७३ मध्ये त्यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. ॲलर्जी हा शब्द जन्माला यायला अजून ३३ वर्षं होती. दिवसाला दिवस जोडून हिशेब लिहिणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते.

धुळीतल्या किड्यांची लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. ते चावत नाहीत. माणसाच्या त्वचेच्या झडलेल्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून उशी, गादी, पांघरूण ही त्यांची खरी वस्ती: तिथे कोंडाही असतो आणि झोपलेल्या माणसाची ऊब आणि दमटपणाही. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाने. ते कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. झटकलं की उडतात आणि अर्ध्या तासात खाली बसतात. म्हणजे रविवारी गाद्या झटकून त्याच खोलीत मी आडवी व्हायचे, ती नेमकी त्या ढगात. आता गादी आणि उशीला घट्ट विणीच्या, चेन लावलेल्या खोळी आहेत. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतले जातात, कारण नुसत्या गार पाण्यात हे किडे मरत नाहीत. केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरतं, झटकायचं काम नवरा करतो आणि त्यानंतर तासभर मी त्या खोलीत जात नाही. फक्त एवढ्याने दमा आटोक्यात आला असता, असं मी म्हणणार नाही. पंपाने सूज उतरली आणि या गोष्टींनी तिच्यावर पडणारा भार हलका केला.

नाकाकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. चोंदलेलं नाक हे मला माझ्या चेहऱ्याचाच भाग वाटायचं. पण नाक आणि फुप्फुसं ही एकच वाट आहे, वरच्या टोकाला आग लागली की खालच्या टोकाला धग पोचते. शिवाय नाक बंद असलं की आपण तोंडाने श्वास घेतो, आणि नाकाने गाळून, गरम करून, ओली करून पाठवलेली हवा फुप्फुसांना मिळतच नाही. नाकाचा फवारा रोज सुरू झाला. त्याचीही रीत आहे: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळवून. नाहीतर पडदा सोलवटतो आणि रक्त येतं.

पाच महिने असे गेले. सकाळचा आकडा ४००च्या घरात आला, सगळ्यांत चांगला ४२० नोंदला गेला. मॅडमनी त्यावरून मला लेखी आराखडा करून दिला. ४२०च्या ८० टक्के म्हणजे ३३६, त्याच्या वर हिरवा पट्टा, नेहमीचं औषध. ३३६ ते २१० पिवळा, म्हणजे काय वाढवायचं ते लिहिलेलं. २१०च्या खाली लाल, म्हणजे निळा पंप घेत थेट रुग्णालय. आणि आकडा काहीही असो, एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल किंवा ओठ निळे दिसत असतील, तर मीटर शोधत बसायचं नाही, निघायचं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मग गवत फुलोऱ्यावर आलं.

त्या आठवड्याचं पान मी आजही उघडून पाहते. तीन आठवडे अगदी छान वाटत होतं, म्हणून सकाळचा पंप चार-पाचदा राहिला. बुधवारी मुलीची सर्दी मला लागली. मोठ्या माणसांचाही दमा बळावतो तो सगळ्यांत जास्त वेळा साध्या सर्दीच्या विषाणूनेच. शुक्रवारी चादरी धुतल्या, किड्यांच्या धास्तीने कडकडीत उन्हात, गच्चीवर वाळत घातल्या, आणि त्याच रात्री अंथरल्या. दिवसभर वाऱ्यावर फडफडलेल्या त्या ओलसर कापडाला किती पराग चिकटले असतील, हे माझ्या मनातही आलं नाही. शनिवारी संध्याकाळी ढग दाटले, वारा सुटला, पहिले टपोरे थेंब पडायला लागले, आणि वाळत घातलेलं काढायला मी गच्चीवर धावले.

पाऊस पडला की हवा धुऊन निघते, हे बरेचदा खरं असतं. पण वादळाच्या तोंडाशी उलटंही होतं. गवताचा अख्खा परागकण फुप्फुसात खोल जाण्याइतका लहान नसतो, तो नाकातच अडकतो. ओलाव्याने तो फुगतो, फुटतो आणि त्यातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. वारा ते जमिनीलगत आणून सोडतो आणि ते थेट खालच्या नळ्यांपर्यंत पोचतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असंच वादळ आलं. काही तासांत हजारो माणसं श्वास लागून रुग्णालयांत पोचली आणि या घटनेत दहा जण दगावले. आजारी पडलेल्यांत बऱ्याच जणांना तोवर दम्याचं निदानसुद्धा झालेलं नव्हतं, फक्त गवताच्या हंगामात शिंका यायच्या.

मी खाली आले तेव्हा जिन्यातच थांबावं लागलं. मीटरवर २३०. नवऱ्याने कागद वाचायला घेतला, मी स्पेसर. एक पफ, सावकाश श्वास. पुन्हा हलवायचा, दुसरा. चार झाले, थोडं थांबून पुन्हा चार. वीस मिनिटांनी २४०. "कसं वाटतंय?" त्याने विचारलं, आणि मला "बरं" आणि "वाटतंय" यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला. त्याने कागद खिशात घातला आणि गाडी काढली.

रुग्णालयात ऑक्सिजन, औषधाचं धुकं करून श्वासातून देणारा नेब्युलायझर आणि पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम स्टिरॉइडच्या गोळ्या. घरी आल्यावर मी हिशेब मांडला. पाच दिवसांचे २०० मिलिग्रॅम म्हणजे २ लाख मायक्रोग्रॅम. माझ्या पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम जातात. औषधं वेगळी आहेत, तुलना ढोबळ आहे, पण ते पाचशे दिवस होतात. तो हिशेब मी ताईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तुला थांब म्हटलं होतं ना गं." मी म्हटलं, "ताई, खोकं माझ्याच हातात होतं."

त्या पानावर कुठलं एक निमित्त दोषी, हे मला आजही सांगता येत नाही. राहिलेला पंप एकटा असता तर आकडा थोडा घसरला असता. सर्दी एकटी असती तर आठवडा खोकण्यात गेला असता. चादरी, वारा, गच्ची, प्रत्येक एकेकटं मी निभावलं असतं. ती सगळी एकाच आठवड्यात आली, आणि खालची सूज पंप राहिल्यामुळे आधीच वाढलेली होती.

या वर्षी गवत फुलायच्या दोन आठवडे आधी नाकाचा फवारा एकही दिवस न चुकवता घ्यायला लागले, कारण नाक एकदा चिडलं की नंतर मूठभर परागही त्याला पुरतात. हंगामभर चादरी घरात वाळतात. खिडक्यांबद्दल मात्र मला सरळ उत्तर सापडलेलं नाही. बंद ठेवल्या तर खोली दमट होते आणि किड्यांचं फावतं, उघड्या ठेवल्या तर पराग आत येतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी मी बंद ठेवते आणि संततधार पडून गेली की तासभर उघडते. ओलावा मोजायचं छोटं यंत्र आणलंय, ते ५० टक्क्यांच्या खाली राहील असं बघते. बाहेरून आले की कपडे बदलते, केस ओले करते. व्यायाम सोडलेला नाही, वाऱ्याच्या दिवशी तो घरात करते. वादळाचा अंदाज असला की गच्चीचं दार बंद आणि मी आत. हंगाम सुरू व्हायच्या आधी फ्लूची लसही घेतली.

आणि दालनात परत गेले. मास्क लावून जाते, कारण कोरड्या धुळीने घसा खवखवतोच, त्याला ॲलर्जी लागत नाही. खालच्या कपाटातले खंड पुन्हा माझ्या ताब्यात आहेत.

सलग तीन महिने बरे गेले तर पंपाची मात्रा कमी करून पाहता येते. मला ते महिने मागच्या आठवड्यात पुरे झाले. मॅडम म्हणाल्या, गवताचा हंगाम संपू द्या, मग बघू. निळ्या पंपावर मोजणीचा आकडा असतो. आठ महिन्यांपूर्वी तो २०० होता, आज १७८ आहे. सकाळी मीटरवर ४१० आलं, रात्रीच्या जागेच्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि संध्याकाळचा रकाना रिकामा ठेवला.